पॅरिसचा सरकता पदपथ : चढणे, उतरणे आणि पडणे

गाडी प्रवाशापर्यंत येण्याऐवजी रस्त्यानेच प्रवाशाला उचलून नेले, तर गाडीची वाट पाहणे आणि ती चुकल्यावर चालकाला बोल लावणे ही नागरिकांची दोन्ही नित्यकर्मे टळतील, या आशेतून सरकता पदपथ, म्हणजे अखंड फिरत राहणारा सपाट पट्टा, अस्तित्वात आला. त्याचा पहिला प्रयोग 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात झाला. मात्र नगरवाहनाचा दिमाख त्याला लाभला तो 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात.

तेथे उंच पुलावर सुमारे साडेतीन किलोमीटरचा बंदिस्त फेरा बांधून त्याला ‘भविष्याचा रस्ता’ असे नाव देण्यात आले होते. कडेला एक निश्चल फलाट, त्याला लागून ताशी सुमारे 4 किलोमीटर वेगाचा आणि त्यापलीकडे सुमारे 8 किलोमीटर वेगाचा, अशी रचना असल्याने प्रवाशाला वेग हप्त्याहप्त्याने घेता येई, आणि तोल सावरण्यासाठी धरायला खांबही होते. वाटेत वरच्या मजल्यांवरील बिऱ्हाडांच्या खिडक्या ओळीने समोरून सरकत. त्या बिऱ्हाडांना याविषयी काय वाटले असेल, हे विस्ताराने सांगण्याची गरज नसावी. या मार्गाला अखेरचे स्थानक नसल्यामुळे उतरण्याचे विसरलेला प्रवासी अर्ध्या तासाच्या आत, कोठेही न जाता, निघाल्या जागी सुखरूप परत येत असे.

या वाहनाची खरी परीक्षा पहिल्या आणि शेवटच्या पावलाला होते, हे पॅरिसलाच एका शतकानंतर पुन्हा शिकावे लागले. माँपारनास या मेट्रो स्थानकातील सुमारे 180 मीटरच्या भुयारी वाटेत 2002 मध्ये द्रुतगती पट्टा बसवण्यात आला. त्याच्या तोंडाशी प्रवेगक्षेत्र, म्हणजे प्रवाशाचा वेग क्रमाने वाढवणारा धातूच्या रुळांचा टप्पा, होता आणि तेथे दोन्ही पाय सपाट टेकवून, कठडा धरून, स्वतःला ओढू द्यायचे असे. घाईतला माणूस नेमका येथेच चालू लागे आणि भर गर्दीत साष्टांग दंडवत घाली. दोन्ही हातांत पिशव्या असणाऱ्यांना तर हा पट्टा वर्ज्यच होता, आणि कोणाला सोडावे हे ठरवण्यासाठी आरंभी माणसे उभी केलेली असत. म्हणजे चालण्याचे कष्ट वाचवणाऱ्या यंत्रावर चढण्यासाठी प्रवाशाला आधी शारीरिक पात्रता सिद्ध करावी लागे. पुढे वेग ताशी 9 किलोमीटरवर आणला, तरी पडणे थांबले नाही. अखेर 2011 मध्ये तेथे नेहमीचा पट्टा आला. अशा पट्ट्याचा वेग सामान्यतः चालणाऱ्या माणसाहून कमी असल्याने त्यावर स्वस्थ उभ्या राहिलेल्या प्रवाशाला, शेजारच्या फरशीवरून सामानसुमानासह पायी निघालेली आजीबाईही सहज मागे टाकू शकते.