चंद्राशी वाकडं

हैदराबादेतल्या मराठी मंडळींच्या कोजागिरीला गच्चीवर एक गृहस्थ हमखास सापडतो. हातात मसाला दुधाचा पेला आणि पाठ चंद्राकडे. कुणी म्हणालं, "काय सुरेख चंद्र आहे हो!" तर हा चेहरा असा करतो, जणू सोसायटीची थकबाकी कुणी चारचौघांत काढली. हा नवशिका तेजोमेघवाला, म्हणजे तेजोमेघांचे फोटो काढणारा. पौर्णिमेच्या उजेडात त्याचे फिकट तेजोमेघ बुडून जातात, म्हणून चंद्राशी वाकडं. त्याचा सण अमावास्या. आईने किती बजावलं, की आज रात्रीचं बाहेर पडू नये, तरी हा नेमका त्याच दिवशी डिकी भरत असतो.

घराणं मूळचं लातूर नाहीतर नांदेडकडचं, आजोबांच्या वेळी काचीगुड्यात आलेलं. स्वतः हायटेक सिटीत नोकरीला, फ्लॅट मियापूरच्या बाजूला. दिवसभर स्क्रीन बघून डोळे थकतात म्हणून आकाशाकडे वळलो, असं तो सांगतो. प्रत्यक्षात रात्री गच्चीवर लॅपटॉपची स्क्रीन बघत बसतो. मान वर करतो ती ढग आले का, एवढंच पाहायला.

खरी परीक्षा ध्रुवाची. पृथ्वी फिरते, त्यामुळे कॅमेऱ्याला ताऱ्यांबरोबर फिरवायचं तर दुर्बिणीच्या माउंटचा आस उत्तर ध्रुवबिंदूकडे रोखावा लागतो. हैदराबादचा अक्षांश 17 अंशांच्या पुढे थोडासा, म्हणजे ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. बाळाला अढळपद मिळालं खरं, पण ते नेमकं शेजारच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागे. तेजोमेघवाला गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून टाकीच्या कडेने ध्रुव शोधतो. समोरच्या बाल्कनीतल्या बाईंचा मात्र ठाम समज, की नळी आपल्याच खिडकीवर रोखलेली आहे. मग असोसिएशनची बैठक होते आणि सगळ्यांची समजूत पटावी म्हणून त्याला गच्चीवर रांग लावून प्रत्येकाला दुर्बिणीतून काहीतरी दाखवावं लागतं. काय दाखवतो? चंद्र. दुसरं काही दिसत नाही. वॉचमन विचारतो, "सार, इसमें मॅच आती क्या?"

पहिला नवस मृगातल्या एम 42 या तेजोमेघाचा. तो उजळ आणि मोठा, नवशिक्याला पावणारा. "हा उजेड तिथून तेराशे वर्षांपूर्वी निघालाय!" तो भारावून सांगतो. बायको ताट वाढता वाढता म्हणते, "इतका चालत आलाय ना, मग पाच मिनिटं दारात उभा राहील. जेवून घ्या."

बायकोचा धीर सुटतो तो मध्यरात्रीनंतर, कारण आता हा दुर्बिणीला टोपण लावून फोटो काढत असतो. एक नाही, पंचवीस-तीस. हे 'डार्क'. कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये उष्णतेने आपोआप उठणारे ठिपके टिपायचे आणि मूळ फोटोतून वजा करायचे. पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरी बनियन ताणून, रबर लावून उजळत्या आकाशाचे फोटो. हे 'फ्लॅट', सेन्सरजवळच्या धुळीचे डाग आणि काळवंडलेले कोपरे घालवायला. दूधवाल्याने बनियन घातलेली दुर्बीण एकदा पाहिली. तेव्हापासून तो पिशवी खालीच ठेवून जातो.

तेजोमेघातल्या हायड्रोजनचा लाल उजेड 656 नॅनोमीटरचा. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. म्हणून त्याने तो काढवून घेतला. घरात कॅमेरा एकच. त्यामुळे त्या वर्षीच्या बारशा-मुंजीच्या फोटोंत सगळे नातेवाईक नुकतेच भांडून उठल्यासारखे लालबुंद आहेत.

बोलायला बसला की हा निजामिया वेधशाळेवर येतो. 1901 साली नवाब जफर जंगांनी पदरच्या पैशाने वेधशाळा काढली, 1908 मध्ये ती निजाम सरकारकडे आली; बेगमपेठेतून आकाशाचा उणे 17 ते उणे 23 अंशांचा अख्खा पट्टा काचेच्या प्लेटांवर टिपला, लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या; खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंचे वडील तिथेच नोकरीला होते. सगळं खरं आहे आणि ऐकण्यासारखं आहे, पण त्याचा रोख वेगळाच असतो. पुढे उस्मानिया विद्यापीठाने 48 इंची दुर्बीण बसवली ती शहराबाहेर, जापाल-रंगापूरला. "विद्यापीठाला शहर सोडावं लागलं, मग माझी काय कथा?" म्हणजे या शनिवारी विकाराबादच्या अनंतगिरीवर जायचं आहे. मागच्या सीटवर दुर्बिणीला बेल्ट लागतो आणि मुलं घरी राहतात.

तिथे एकदा पंचाईत झाली. हा ध्रुव लावत असताना शेजारी एक दहावीतला मुलगा आला, सीस्टार नावाची डब्यासारखी छोटी दुर्बीण ठेवली, मोबाईलवर बोट टेकवलं, आणि थोड्याच वेळात "काका, तुमचं झालं का?" म्हणून लालसर तेजोमेघ दाखवला. काका म्हणाले, "छान. पण यात शिकणं कुठाय?" त्या रात्री काका बरंच शिकले, फोटो आला नाही.

खरा रंग भरतो तो प्रोसेसिंगमध्ये. शेकडो फोटो एकावर एक रचून जी प्रतिमा तयार होते ती दिसते निव्वळ काळी. मग ती ताणायची. ताणली की आधी तेजोमेघ दिसत नाही, शहराच्या दिव्यांची नारिंगी दिसते. ती काढली की हिरवट झाक. ती काढली की रवाळपणा. तो निम्मा करायचा तर फोटोंचा एकूण वेळ चौपट हवा, हे गणित त्याला तोंडपाठ आहे आणि बायकोलाही झालं आहे. अखेर उजळलेला एम 42 तो फॅमिली ग्रुपवर टाकतो. लातूरची मावशी लगेच लिहिते, "डोळ्याचं काय झालं रे? डॉक्टर काय म्हणाले?"

जून लागला की आकाश बंद. पण तेजोमेघवाला रिकामा बसत नाही. जुनाच डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालतो. सिरिल झालं, आता पिक्सइनसाइट. 'फायनल', 'फायनल नवा', 'खरंच फायनल' अशा फाइली डेस्कटॉपभर पसरतात. एका पावसाळी दुपारी तो सगळे फोटो ओळीने लावून बायकोला विचारतो, "यातला कुठला बरा?"

ती बराच वेळ बघते. "तो पहिला होता ना, मावशींना पाठवलेला? तो."

तो त्याने जागा करायला केव्हाच डिलीट केलेला असतो. आता मावशीकडून परत मागवायला हवा.