चार एक्के आले तरी टाकायचे!

"काकू, काल रात्री तुमच्याकडे कसला वं एवढा गलका चालला होता? आमचे म्हणे, भांडण-बिंडण झालं का बघून ये."

"भांडण कसलं माय! पत्ते चालले होते. अक्षय तृतीया, आपली आखाजी नाही का? नणंद आली माहेरी, तिच्यामागं तिचा पुण्याचा पोरगा आला. दिवसभर रस-पुरणपोळी हादडली आणि रात्री बसले चादर अंथरून."

"झन्ना मन्ना?"

"हळू बोल, भिंतीपलीकडं ऐकू जाईल! त्या झन्ना मन्नापायीच तर दरवर्षी पोलिसांच्या गाड्या फिरतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नावं येतात. आखाजीला पत्ते मांडायचे हे आपल्याकडं जुनंच. माझ्या माहेरी सालदाराचं साल आखाजीला फिरायचं, तेवढीच त्याची सुटी. मग निंबाखाली बसायचे सगळे, आणि संध्याकाळी एखादा मिळालेली उचल तिथंच ठेवून घरी यायचा. आम्ही नाही बाई तसं करत. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो."

"मग मेंढीकोट?"

"ओमाहा."

"हे काय काढलं आता?"

"अमेरिकेत नेब्रास्का म्हणून राज्य आहे, तिथल्या शहराचं नाव. पोकरचाच एक प्रकार. प्रत्येकाला चार पत्ते, झाकलेले. मधोमध पाच पत्ते उघडायचे, ते सगळ्यांचे. आधी तीन, मग एक, मग आणखी एक, आणि दरवेळी चाल. चाल पण मनाला येईल तेवढी नाही, मधे जेवढं जमलं असेल त्या हिशोबानंच वाढवायची. शेवटी पाच पत्त्यांचा हात लावायचा. त्यात आपल्या चारातले दोन आणि मधल्या पाचातले तीन. दोन म्हणजे दोनच. एक नाही, तीन नाहीत. सगळी गोम इथंच आहे, आणि इथंच आमचे हे तोंडावर पडले."

"काय केलं काकांनी?"

"अगं, मधे चार बदाम आले. राजा, नव्वी, छक्की, तिर्री. पाचवा चौकटचा गुलाम. यांच्या हातात बदामचा एक्का. बदाम एवढा एकच, बाकी इस्पिकचा राजा, किलवरची दश्शी आणि चौकटची दुर्री. झालं! मांडीवर थाप मारली, पुढ्यातले सगळे चिंचोके लोटले आणि एक्का असा आपटला की माझ्या कुरडयांचं ताट हाललं. 'कलर! एक्क्याचा कलर!' नणंदेनं गुपचूप बदामची सत्ती आणि चौकी खाली ठेवली. भाचा म्हणे, 'मामा, तुमच्या हातातले दोन बदाम दाखवा.' आता दुसरा बदाम आणणार कुठून? यांच्याकडं राहिली नुसती राजाची जोडी. नणंदेचा मात्र कलर झाला, राजा-नव्वी-सत्ती-छक्की-चौकी. तो जो आवाज ऐकलास नं तू, तो तेव्हाचा."

"पण काकू, सत्ती-चौकीवर जिंकणं म्हणजे नशीबच की."

"नशीबच! भाचा तिला पण बोलला. म्हणे, 'आई, असा बारका कलर धरून बसू नकोस, रोज मार खाशील.' चौघं-पाच जणं बसली की कुणाकडं तरी मोठा कलर निघतोच. म्हणून रंग धरायचा तर एक्क्यासकट धरायचा. आणि तीन पत्तीची सवय सोडायची. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, इथं कलर सिक्वेन्सच्या वर."

"मला तर वाटतं, चार पत्ते आले म्हणजे बरंच. काही नं काही जमणारच."

"सगळ्यांना तेच वाटतं गं. तिथंच फसतात नवे लोक. चार पत्ते पाहिले की प्रत्येक हात चांगला दिसायला लागतो. आता हे बघ. चारातून दोन-दोन उचलायचे तर किती जोड्या होतात? मोज बोटांवर. सहा. आणि त्या चारातला एक जरी पत्ता बाकीच्यांशी न जमणारा निघाला, नुसती उपरी दुर्री म्हण, तर सहातल्या तीन जोड्या वाया. हिशोब साधाच आहे. दुसऱ्याकडं सहा जोड्या आणि आपल्याकडं तीनच, मग बसायचं कशाला?"

"मग चांगला हात कुठला?"

"सगळ्यात भारी म्हणजे दोन एक्के, दोन राजे, आणि ते पण दोन रंगांत जुळलेले. इस्पिकचा एक्का-राजा, बदामचा एक्का-राजा. तो काय रोज येतो? बावन्न पत्त्यांतून चार-चारचे हात म्हणे दोन लाख सत्तर हजार सातशे पंचवीस होतात. मला आवडला तो सलगवाला. अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. दिसायला काही नाही, पण मधे सत्ती-दश्शी-दुर्री पडू दे की राणी-नव्वी पडू दे, सिक्वेन्सची आशा कुठून नं कुठून राहतेच. चारही जणं एकमेकांच्या कामाचे."

"आणि चार एक्के आले तर? मग तर बादशाही!"

"हा! माझ्या नणंदेनं हेच विचारलं. चार एक्के आले तर टाकून द्यायचे."

"काहीतरीच!"

"अगं, चारातले दोनच वापरायचे नं? मग बाकीचे दोन एक्के तुझ्याच हातात मरून पडले. मधे एक्का येणार कुठून? तिसरा लागायचा नाही. चार रंगांचे चार, म्हणजे कलर नाही. सगळे एक्केच, म्हणजे सिक्वेन्स पण नाही. नुसती एक्क्याची जोडी घेऊन बसायचं. तसंच एका रंगाचे चार आले तरी हुरळायचं नाही. रंगात पत्ते तेरा, चार तू दाबून बसलीस, मधे यायला उरले नऊ. आपल्याच वाटेत आपण आडवं झोपायचं."

"एक्क्याची जोडी आणि सोबत फुटकळ दोन?"

"खेळता येतो, पण नाचायचं नाही. दोन पत्त्यांच्या पोकरमध्ये एक्क्याची जोडी म्हणजे राजा माणूस, इथं नाही. आणि दुर्री-तिर्रीच्या जोड्या तर सरळ टाकायच्या. तिसरी दुर्री लागली तरी समोर कुणाला तिसरी राणी लागलेली असते, आणि आपले सगळे चिंचोके जातात. बारक्या हातानं थोडं मिळतं, जातं मात्र घरदार."

"काकू, तुम्हाला मेंढीकोटात कुणी हरवत नाही. इथं कसं?"

"मेंढीकोट वेगळा. तिथं आले ते तेरा पत्ते खेळायचेच, पळता येत नाही. दश्श्या कशा ओढायच्या एवढं डोकं. इथं अर्ध्याहून जास्त वेळा नुसतं टाकायचं आणि पापडाला हात लावत बसायचं. मला जमतं. आमच्या यांना जमत नाही. आणि गंमत बघ, माणसानं सारा जन्म फॅक्टरीत काडतुसं तपासली! १९६४ पासूनची फॅक्टरी आपली, तिथं डाग दिसला की काडतूस बाजूला. घरी आले तरी वांगं असं फिरवून फिरवून बघतात. आणि पत्ते हातात आले की रिजेक्ट करायचं नावच नाही. 'बघू तर खरं मधे काय येतं!' मधे काय यायचं, नणंदेचा कलर आला."

"भाचा एवढं शिकला कुठून वं?"

"इकडं सरक जरा. आपल्यातच ठेव हं. मोबाइलवर खेळायचा. पैशावर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं तो कायदा केला नं, ऑनलाइन पैशाचे खेळ बंद, तेव्हा ते ॲप पण बंद झालं. नणंद म्हणते, सुटले बाई. किती गेले ते काही सांगत नाही. मी विचारलं तर म्हणे, 'शिकवणीची फी समज.' पुण्यात एक खोली आली असती त्या फीमध्ये, असं माझं आपलं मत. पण पोरगा शिकवतो छान. कालच म्हणे, 'मामी, तुम्ही टाकता बरोबर.'"

"मग रमी खेळा की. तिला तर कोर्टानं कौशल्याचा खेळ म्हटलंय, आमचे सांगत होते."

"म्हटलंय, १९६७ मध्येच म्हटलंय, सुप्रीम कोर्टानं. पण म्हणून कुठंही पैसे लावून, अड्डा मांडून खेळा असं नाही म्हटलेलं. आपल्या राज्याचा जुगाराचा कायदा १८८७ चा आहे, अजून चालतो. तुझे हे कायद्याचा अर्धाच भाग वाचतात वाटतं."

"त्यांचं नका सांगू. काकू, आज दुपारी मी येऊ का खेळायला? चिंचोके आणते घरून. चिंच फोडली तेव्हा ठेवलेत डबाभर."

"ये की. कुरडया उलट्या घातल्या की बसू. पण एकटी ये. तुझ्या नवऱ्याकडं माझे मागच्या आखाजीचे चाळीस चिंचोके अजून बाकी आहेत, आणि भेटला की म्हणतो, पगार झाला की देतो."