घरोघरी केबलवाले

महाराष्ट्रातला केबलवाला संपत चालला, अशी हाकाटी गेली काही वर्षं चालू आहे. ती साफ खोटी आहे. केबलवाला संपलेला नाही, वाढला आहे. पूर्वी अख्ख्या आळीत मिळून एक असायचा, आता घरटी एक झाला. पूर्वीचा महिन्याच्या महिन्याला पैसे न्यायला यायचा आणि एरवी फोन उचलायचा नाही. नवा घरातच राहतो, पैसे स्वतःच्या खिशातून घालतो आणि हाक मारली की टीव्हीच्या मागून 'एकच मिनिट' एवढंच म्हणतो.

हा नवा केबलवाला पन्नाशी-साठीचा, पदवीधर, गृहकर्ज फेडून मोकळा झालेला असतो. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढे गावोगावी गच्च्यांवर अँटेना उगवले, तेव्हा ते फिरवायला वर पाठवलेला मुलगा तो हाच. सगळं घर खाली सिनेमा बघतंय आणि आपण पत्र्यावर उभं राहून तो त्यांना दाखवतोय, ही सत्तेची चव त्याला तेव्हाच लागली. मधल्या काळात केबल आणि डिशनं ती सत्ता हिरावून घेतली. इंटरनेटनं व्याजासकट परत केली.

ठिणगी पडली ती 2019 च्या फेब्रुवारीत. ट्रायनं नवी दरपद्धत लागू केली. 130 रुपयांत 100 वाहिन्या, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. पैसे मोजून बघायच्या वाहिन्या वेगळ्या, आणि त्यातल्या नावाजलेल्या बऱ्याच 19 रुपयांच्या. ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य मिळावं हा हेतू होता आणि तो सफल झाला. ग्राहकानं एक्सेलमध्ये तक्ता केला, त्यात बायकोची एक मालिका, आईच्या दोन आणि स्वतःचं क्रिकेट मांडलं, आणि बेरीज जुन्या बिलाच्या वर गेली तेव्हा टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं की यापुढे या घरात टीव्ही फुकट दिसेल.

आता टीव्ही फुकट दिसण्याची सोय या देशात डिसेंबर 2004 पासून आहे. सरकारचीच आहे. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, मग महिन्याला दमडी नाही. सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात, जुने सिनेमे दिसतात. पण ती छत्री असते वस्तीवर, चाळीत, बांधकामावरच्या मजुराच्या पत्र्यावर. ती टू-बीएचकेच्या गॅलरीत लावली तर सोसायटी काय म्हणेल? आपल्या मध्यमवर्गाचा फुकट गोष्टींना विरोध कधीच नव्हता, विरोध आहे तो त्या सहज मिळण्याला. रांगेत उभं राहून मिळालं तर ते रेशन. तेच रात्री दोनपर्यंत जागून, पोर्ट नंबर बदलून, राउटर तीनदा बंद-चालू करून मिळवलं की ते तंत्रज्ञान.

म्हणून आपला गृहस्थ कोडी नावाच्या सॉफ्टवेअरकडे वळतो. कोडीचं घराणं त्याला शोभणारंच आहे. या शतकाच्या सुरुवातीला काही हौशी प्रोग्रामरांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळायच्या यंत्रात घुसखोरी करून त्यावर सिनेमे चालवायची व्यवस्था केली. तिचं नाव पडलं एक्सबीएमसी. पुढे एक्सबॉक्सशी संबंध सुटला तरी नाव राहिलं होतं, ते 2014 मध्ये बदलून कोडी झालं. सॉफ्टवेअर मोफत, मुक्तस्रोत, स्वयंसेवकांनी सांभाळलेलं. आवृत्त्यांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं नावं: क्रिप्टन, लीया, मॅट्रिक्स, नेक्सस, आणि 2024 साली आलेली एकविसावी ओमेगा. 'मी आता ओमेगावर आहे,' असं गृहस्थ लग्नाच्या पंगतीत अभिमानानं सांगतो. शेजारच्या पाटावरचे मामेसासरे आस्थेनं विचारतात, 'जेवणाआधी, की नंतर?'

कोडी पहिल्यांदा उघडलं की आत काहीच नसतं. एकही वाहिनी नाही. ते तयार करणारे कंठशोष करून सांगत आले आहेत की आम्ही फक्त दाखवणारं यंत्र देतो, दाखवायचं काय ते तुमचं तुम्ही आणा. हे वाचून व्यवहारी माणूस परत फिरला असता. गृहस्थाला इथेच हुरूप येतो.

मग खरेदी निघते. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्याला डबी, डबीला पंखा, मेमरी कार्ड, घरातल्या मोबाइलच्या चार्जरवर तो कुरकुरतो म्हणून वेगळा ॲडाप्टर, संगणकाच्या बारक्या भोकात बसणारी वेगळी एचडीएमआय वायर, आणि हॉलच्या कोपऱ्यापर्यंत वायफाय पोचत नाही म्हणून नवा राउटर. बायकोनं हिशेब विचारला तर उत्तर तयार असतं: 'हा खर्च एकदाच.' हा एकदाच होणारा खर्च दर दिवाळीला होतो.

मग वाहिन्यांची यादी. कोडीत 'आयपीटीव्ही सिंपल क्लायंट' नावाचं ॲड-ऑन घालायचं आणि त्याला एम3यू प्रकारची फाइल द्यायची. ही फाइल म्हणजे साधा मजकूर: वरच्या ओळीत वाहिनीचं नाव, खालच्या ओळीत तिचा इंटरनेटवरचा पत्ता. मुळात एमपी3 गाण्यांच्या याद्यांसाठी निघालेला हा प्रकार आता जगभरचं टेलिव्हिजन पाठीवर वाहतो आहे. गिटहबवर आयपीटीव्ही-ऑर्ग नावाचा प्रकल्प आहे, तिथे देशोदेशीच्या उघडपणे उपलब्ध वाहिन्यांच्या लिंका गोळा केलेल्या असतात. यातून भारत किंवा मराठी एवढंच निवडून घेता येतं. पण निवडून घेणं हे ग्राहकाचं काम, आणि गृहस्थ आता ग्राहक राहिलेला नाही. तो अख्खं जग उतरवून घेतो.

रविवारी पाहुणे आले की प्रात्यक्षिक होतं. ही अल्बेनिया. हे पेरू, इथे आत्ता मध्यरात्र आहे, म्हणून नुसती पट्टी दिसते. ही बगदादची, काय बोलतात कळत नाही पण क्लॅरिटी बघा. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसत होते, त्यासाठी फॉन्ट बदलला, हेही सांगून होतं. पाहुणे चहा संपवून म्हणतात, 'सह्याद्री लावा की जरा.' सह्याद्री असते. कितव्या नंबरवर आहे ते माहीत नसतं.

इथवरचा उद्योग निरुपद्रवी म्हणता येईल. पण घरातल्यांना अल्बेनिया नको असते, त्यांना 19 रुपयांवाली मालिका हवी असते. ती उघड यादीत कुठून येणार? मग टेलिग्रामवर एक गट सापडतो, गटात 'ऑल इंडिया प्रीमियम' नावाची फाइल सापडते, आणि आयुष्यभर सिग्नल न तोडलेला माणूस शांतपणे चोरीचा माल दिवाणखान्यात लावतो. भाजीवालीनं चुकून दिलेले दोन रुपये हा जिना उतरून परत करून येईल. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या पांढऱ्या रेघेवरून तासभर बोलेल. पण क्रिकेटचे हक्क कोणी विकत घेतले आणि आपण ते कोणाच्या नळाला नळी लावून बघतोय, हा विषय काढलात तर म्हणेल, 'मी कुठे चोरलं? लिंक आली होती.' युरोपीय संघाच्या न्यायालयानं एप्रिल 2017 मध्ये अशा चोरट्या लिंका आधीच भरून विकलेल्या डब्यांच्या खटल्यात ही पळवाट विक्रेत्यांसाठी बंद केली. आपल्याकडेही 1957 च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारण करणाऱ्याचा हक्क स्वच्छ लिहिलेला आहे. कोडीवाले बिचारे वेगळ्याच त्रासात. चोरीचं ॲड-ऑन बंद पडलं की लोक तक्रार घेऊन त्यांच्याकडे जातात.

आणि बंद तर पडतंच. लिंकेच्या शेपटीला एक टोकन असतं, ते काही तासांत बाद होतं. काल रात्री चाललेली वाहिनी आज संध्याकाळी सात वाजता, आई हात पुसत सोफ्यावर येऊन बसली की नेमकी, काळी पडते. जुन्या केबलवाल्याला अशा वेळी शिव्या देता येत होत्या. याला 'अरे बाळा, दमला असशील' म्हणावं लागतं.

यादी चालली की गृहस्थाचं लक्ष कार्यक्रमपत्रिकेकडे जातं. वाहिन्यांचं हे पंचांग एक्सएमएलटीव्ही नावाच्या दुसऱ्या फाइलीत असतं आणि दोन्ही फाइलींत वाहिनीची ओळख-खूण तंतोतंत जुळावी लागते. त्यात वेळेची भानगड. फाइलीत ग्रिनिचची वेळ असेल आणि पुढचे साडेपाच तास कोणी मोजलेच नसतील, तर पडद्यावर खून चाललेला असतो आणि खाली पट्टीत 'प्रातःस्मरण' लिहिलेलं असतं. गृहस्थ त्यावर दोन रात्री बसतो आणि जुळवतो. जुळल्याचा आनंद कोणाला होत नाही, कारण घरातल्या सगळ्यांना आपापल्या मालिकांच्या वेळा जन्मापासून पाठ आहेत.

या सगळ्यातून जे दिसतं त्याला 'लाइव्ह' म्हणतात. ॲपलनं 2009 मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, आणि घरचं यंत्र दोन-चार तुकडे साठल्याशिवाय पहिला दाखवत नाही. त्यामुळे डिशवाल्याच्या मानानं हे घर अर्धा मिनिट मागे जगतं. आईची कोल्हापूरची बहीण डिशवाली. मालिका चालू असतानाच तिचा फोन येतो.

'अगं, बघितलंस का? काढलं की गं तिला घराबाहेर!'

'आमच्याकडे अजून नाही काढलं.'

'थांब, काढेल.'

आणि काढतो. अशा घरात सासू-सुनांच्या मालिकेलाही नियतीचा स्पर्श होतो, हे मान्य करायला हवं.

या धंद्याची आंतरराष्ट्रीय शाखाही आहे. मुलगा न्यू जर्सीला, वडील साताऱ्यात. मुलानं गेल्या सुटीत येऊन हे सगळं लावून दिलं आणि विमानात बसला. त्याचं विमान मुंबईहून उडालं त्याच रात्री वाहिन्याही उडाल्या. तेव्हापासून साताऱ्यातल्या सकाळी आणि न्यू जर्सीच्या आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर दुरुस्ती चालते.

'बाबा, सेटिंग्ज नाही, ॲड-ऑन्स. माय ॲड-ऑन्स. त्यात पीव्हीआर क्लायंट्स.'

'आलं.'

'आता कॉन्फिगर.'

'ते राखाडी दिसतंय.'

'म्हणजे बंद आहे. शेजारी एनेबल असेल, ते दाबा.'

'दाबलं. आता डिसेबल लिहून आलंय.'

'बरोबर आहे. ते दाबू नका!'

'दाबलं.'

जुन्या केबलवाल्याचा पोरगा सायकलवरून येऊन वायर हलवून जायचा. त्याचे वीस रुपये फार वाटायचे.

सरकारही स्वस्थ बसलेलं नाही. प्रसार भारतीनं 20 नोव्हेंबर 2024 ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' हे ॲप आणलं. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यात थेट दिसतात. फोनवर उतरवायचं आणि बोट लावायचं. गृहस्थानं ते उघडून बघितलं आणि तत्काळ मिटलं. त्यात कॉन्फिगर करण्यासारखं काही नव्हतं. ओमेगा आवृत्तीवरही त्याचा असाच राग आहे. पूर्वी साठवणीची मर्यादा बदलायला एक फाइल हातानं लिहावी लागायची, ती सोसायटीत फक्त त्याला यायची. आता तोच पर्याय सेटिंग्जमध्ये कोणालाही दिसतो. सुलभीकरणाच्या नावाखाली तज्ज्ञांचं असं खच्चीकरण चाललं आहे.

तेव्हा केबलवाला घरोघरी झालाच आहे, तर त्याला नियमांखाली आणणं भाग आहे. 1995 च्या केबल टेलिव्हिजन कायद्याचा आधार घेऊन पुढील मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करत आहोत.

1. जुन्या केबलवाल्याला हेड पोस्ट ऑफिसात नोंदणी करावी लागे. घरगुती केबलवाल्यानं ती स्वयंपाकघरात करावी. कोणत्या मालिका किती वाजता लागतात हे न अडखळता सांगितल्याशिवाय परवाना मिळणार नाही.

2. कायद्यानं दूरदर्शन दाखवणं सक्तीचं होतं, ते इथेही राहील. सह्याद्री पहिल्या पाच क्रमांकांत असावी. अल्बेनिया पाचशेच्या पुढे.

3. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत 'अपडेट' करता येणार नाही. 'आपोआप सुरू झालं' हा खुलासा ग्राह्य धरला जाणार नाही.

4. पाहुण्यांना जास्तीत जास्त तीन देश दाखवता येतील, तेही चहा पुढ्यात आल्यानंतर.

5. टेलिग्रामवरून आलेली फाइल लावणाऱ्यानं सोसायटीच्या सभेत पार्किंग, पाणी आणि तरुण पिढीचे संस्कार या विषयांवर बोलू नये.

6. 'त्यापेक्षा सरळ छत्री लावू' असं घरातल्या कोणीही, कोणत्याही परिस्थितीत म्हणू नये. छत्री लावली की चालते, आणि लावली की चालणारी वस्तू या व्यवसायाच्या मुळावर येते.