उललेला रोडगा, न उललेला केक

भर मे महिन्यात, चंद्रपुरात, ‘ओव्हन आधी तापवून घ्यावा’ ही सूचना वाचली की मला ओव्हनचीच दया येते. इथे पारा ४७-४८ अंशांवर जाऊन निवांत बसतो, दुपारी रस्त्यावर आपली सावलीही पायाखाली दडी मारते, आणि तशात एक लोखंडी पेटी आणखी तापवायची. पण सुट्टीवर आलेल्या भाचीला थरांचा चीझकेक करायचाच होता. तिच्या वहीत तापमान होतं १६३ अंश. हा आकडा अमेरिकेतल्या ३२५ फॅरेनहाइटचं इकडे आल्यावर झालेलं रूप. वरच्या तीन अंशांत केवढा काटेकोरपणा! घरच्या ओव्हनचा काटा मात्र दहा-पंधरा अंश इकडेतिकडे सहज फिरून येतो.

थरांचा खरा पेच असा की प्रत्येकाची ऊब निराळी. तळाच्या बिस्किटांच्या चुऱ्याला करकरीत व्हायला १७५ हवेत, वरच्या चक्क्याला १५०-१६० पुरे. चंद्रपूर-अहेरी एसटीच्या एका बाकावर बसलेले हे प्रवासी, एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. तोडगा एकच: तळाला दहा मिनिटं एकट्यालाच भाजून घ्यायचं, निवू द्यायचं, मग आच उतरवून वरचे थर बसवायचे. भांडं गरम पाण्याच्या ताटात ठेवायचं, कारण पाणी काही केल्या शंभराच्या वर जात नाही आणि कडांना सबुरी शिकवतं. तासाभराने कडा घट्ट झाल्या आणि मध्यभाग अजून थरथरतोय, तेव्हाच ओव्हन बंद करायचा. आतलं अंडं साधारण ६५ ते ७० अंशांत धरतं. त्यापुढे ते आवळत जातं, पाणी सोडतं, आणि निवताना केकच्या कपाळावर भेग उमटते. म्हणून दार किंचित उघडं ठेवून त्याला आतच हळूहळू थंड होऊ द्यायचं. भेग पडली की चीझकेक फसला, असा तिकडचा निकाल.

आणि मला आठवतात ते शेतातले रोडगे. तेही थरांचेच! जाडसर कणकेच्या पुऱ्या, मध्ये तेला-तुपाचा हात, एकीवर एक ठेवून वळलेला गोळा. गोवऱ्यांची आहार, म्हणजे आगटी, पेटवायची, ज्वाळा बसू द्यायच्या, निखाऱ्यांवर गोळे फिरवून भुभळीत, म्हणजे गरम राखेत, दाबायचे. शेजारी वांग्याची भाजी रटरटते आहे, धूर डोळ्यांत जातो आहे, आणि अंश विचारणारं कोणी नाही. “किती वेळ ठेवू वं आजी?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “उलला का काढजो.” उलणं म्हणजे इथे शिजल्याची पावती. भेगेतून वाफ निघाली, तिच्यात तूप ओतलं, की ते थेट पोटातल्या पदरापर्यंत जातं. आजीच्या लेखी न उललेला रोडगा कच्चा. भाचीच्या लेखी उललेला केक वाया. दोघींना समोरासमोर बसवायला हवं होतं. आजी आता नाही. भाची मात्र ओव्हनच्या काचेला नाक लावून, भेग पडू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेते आहे.

दोन्हींची आग तशी याच मातीतली. ओव्हनच्या तारेतली वीज बहुधा ऊर्जानगरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रातून आलेली, आणि तिथे जळतो तो वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचा, कोळसा. म्हणजे भाचीचा केकही अखेर निखाऱ्यावरच भाजला जातो, फक्त निखारा काही मैल लांब आहे. तिकडे भामरागडच्या माडिया आदिवासींच्या घरांत तर केक उलण्याची चिंताच नव्हती: गाईचं दूध वासराचं, म्हणून परंपरेने ते काढतच नसत, मग चक्का कुठला, आणि थर कुठले!

तेव्हा चंद्रपूरकरांनो, चीझकेक करायचाच असेल तर पौषात करा. मे महिन्यात टांगलेला चक्का रात्रीतून आंबतो, आणि स्वयंपाकघरात उभं राहणारा माणूस त्याआधी. आणि एवढं करून तो उललाच, तर वर संत्र्याच्या फोडी पसरा. पौषात संत्री भरपूर असतात.