तफावत कुणाच्या नावावर?

जेऊरात कॉम्प्युटर आजारी पडला की निदानं दोनच. ‘विंडोज मारावी लागेल’ नाहीतर ‘डेटा उडाला’. पहिल्यात थोडेफार पैसे जातात, दुसऱ्यात लोक भेटायला येतात. खत-बियाण्यांच्या एखाद्या दुकानातला टॅलीचा डेटा उडाल्याची बातमी फुटली, की सगळं गाव तोंडानं हळहळतं आणि त्यातलं उधारीवालं गाव मनातल्या मनात सत्यनारायण बोलतं. हा नवस बहुधा वायाच जातो. करमाळ्याहून एक पोरगा येतो, टॅलीच्या जुन्या ईआरपी नाईनवर कंट्रोल, ऑल्ट आणि आर ही बटणं एकदम दाबतो, चहा पितो, आणि तेवढ्यात सगळ्या नोंदी नव्यानं लिहून होतात. याला ‘री-राइट मारणं’ म्हणतात. उधारी जशीच्या तशी परत! ताळेबंदात ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’ अशी एक ओळ असली तर ती मात्र री-राइटनंही जात नाही. तेवढ्या ओळीवर अंगठा ठेवून दुकानदार ताळेबंद दाखवतो.

माझं दुकान नाही, घर आहे. घराचा हिशेब मी ग्नूकॅश नावाच्या प्रोग्रॅममध्ये ठेवते. पुण्यातल्या मुलानं ते बसवून दिलं आणि फुकट आहे म्हटल्यावर मालकांनी बसवू दिलं. मालक म्हणजे माझा नवरा. ग्नूकॅशमध्येही मालकाच्या भांडवलाचं ‘इक्विटी’ खातं असतं. दोन्हीकडे एकच पथ्य, शिल्लक किती ते विचारायचं नाही.

प्रोग्रॅमचा कारभार दुहेरी नोंदीचा. एका खात्यातून निघालेला रुपया दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात पोचलेला दिसलाच पाहिजे. ल्युका पाचोली नावाच्या इटलीतल्या साधूनं ही पद्धत 1494 मध्ये पुस्तकात छापली. साधूच तो. संसार केला असता तर जमा आणि नावे यांच्या जोडीला ‘किरकोळ’ नावाची तिसरी बाजू त्यानं नक्की ठेवली असती.

आमच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निवर्तली, तो वायरीवर जगतो. शेतीच्या लाइनीला दिवसपाळी-रात्रपाळी तरी असते. घरच्या लाइनीला पाळी नाही, मर्जी आहे. एका रात्री नोंदी चालू असतानाच लाईट गेली. आल्यावर फाइल उघडते तर समोर संदेश : ही फाइल बहुधा दुसरं कुणीतरी वापरत आहे. रात्रीचे साडेअकरा. मालक केळीला पाणी द्यायला गेलेले. घरात मी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. संदेश मी मोठ्यानं वाचला, तेच चुकलं असावं.

‘कोन वापरतंय गं?’ आत्या अंथरुणात उठून बसल्या.

‘कुणी नाही, आत्या.’

‘मग त्ये मशीन कशाला खोटं बोलंल?’

मशीन खोटं बोलत नव्हतं. फाइल उघडली की ग्नूकॅश तिच्या शेजारी ‘एलसीके’ आडनावाची एक कुलूपफाइल ठेवतो आणि रीतसर बंद केल्यावर काढून घेतो. लाईट गेली की कुलूप तसंच लटकत राहतं. म्हणजे ते दुसरं कुणीतरी मीच, लाईट जायच्या आधीची. अशा वेळी ‘ओपन एनीवे’ दाबायचं. आत्यांनी तरीही मागचं दार बघून घ्यायला लावलं.

फाइल आतून कशी असते, हे मुलानं मला एकदा उलगडून दाखवलं होतं. साधा मजकूरच असतो, दाबून बसवलेला. त्यात साडेबारा रुपये ‘1250/100’ असे अपूर्णांकात लिहिलेले. कॉम्प्युटर दोनाच्या पटीत मोजतो, त्यामुळे रुपयातले दहा पैसे त्याला नेमके मांडता येत नाहीत, बारीकसा फरक राहून जातो. म्हणून पैसे मोजायचे आणि खाली शंभर लिहायचे. आत्यांना यात नवल वाटलं नाही. 1957 च्या 1 एप्रिलला नवे पैसे आले त्याआधी त्यांनी शाळेत रुपयाच्या 192 पै तोंडी मोजल्यात.

पैचा विषय निघाला की एकनाथमहाराज यायचेच. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या दप्तरात एका पैचा मेळ बसेना म्हणून ते रात्रभर जागले आणि चूक सापडताच टाळ्या पिटू लागले, ही कथा आम्ही कीर्तनात ऐकत आलो. कीर्तनकार तिथून लगेच परमार्थाकडे वळतात. मला दरवेळी मध्येच उठून विचारावंसं वाटतं, बुवा, पण पै होती कुठं?

ग्नूकॅशही ते सांगत नाही. ‘चेक अँड रिपेअर’ म्हटलं की तो नोंदी तपासत जातो. ज्या नोंदीच्या दोन बाजू जुळत नाहीत, तिच्यातली तफावत उचलून ‘इम्बॅलन्स-आयएनआर’ नावाच्या खात्यात टाकतो. ज्या रकमेला खातंच उरलेलं नाही, ती ‘ऑर्फन’मध्ये. क्षणात सगळं जुळतं. चूक असते तिथंच राहते, फक्त ती रीतसर खातेदार होते.

त्या रात्रीच्या नोंदी सापडल्या. ग्नूकॅश प्रत्येक बदल लॉग फाइलमध्ये टिपत असतो, ती पुन्हा वाचायला लावली की गेलेलं परत येतं. पण दुरुस्तीत इम्बॅलन्सच्या नावावर 2,340 रुपये निघाले, ते लाईटीचे नव्हते. ते माणसांचे होते.

सकाळी मालकांना विचारलं. ‘किरकोळ असंल,’ म्हणाले आणि चपला घालायला लागले. आत्या मात्र गप्प होत्या, आणि आत्या गप्प म्हणजे पुरावा.

‘पारेवाडीच्या लग्नात आहेर केला न्हाई व्हय?’ शेवटी त्याच बोलल्या. ‘त्यांनी आपल्याला केला हुता. त्ये फेडलं.’

हे फेडलेलं लिहायचं कुठं? खर्च म्हणावा तर तो उद्या परत येणार; येणं म्हणावं तर मागता येत नाही. आत्यांच्या लग्नात कुणी पातळ दिलं आणि त्याच्या नातीच्या लग्नात काय परत गेलं, हे त्यांना आजही मुखोद्गत आहे. पाचोलीला हे दाखवायला हवं होतं.

तसंच उसाच्या बिलाचं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, म्हणून मुलानं चौदाव्या दिवसाची आगाऊ नोंद लावून दिली. तेव्हापासून फाइल उघडली की ग्नूकॅश आधी तेच विचारतो, बिल आलं का? दुकानदार विचारतो, पाहुणे विचारतात, आता हाही. बिल न येता नोंद झाली की खातं फुगतं, काढली की उणे जातं. मालकांना उण्याचं काही वाटत नाही.

‘उजनी न्हाई का जात?’ ते म्हणतात.

खरंच जाते. धरणाचा साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 मृतसाठा. पाणी त्याच्याखाली उतरलं की टक्केवारी उणे होते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही पलीकडे गेली, तरी धरणात तीसेक टीएमसी पाणी होतंच. माझ्या बँकेतल्या खात्यात मृतसाठ्याची सोय नाही, हे मी मालकांना सांगून बघितलं.

राहिला बॅकअप. ग्नूकॅश दर सेव्हला तारीखवार जुनी प्रत ठेवतो आणि आपण काही बदललं नाही तर तीस दिवसांनी झाडून टाकतो. पण त्या प्रती त्याच लॅपटॉपवर, त्याच लाइटीच्या भरवशावर. म्हणून मी पेनड्राइव्हवर वेगळी प्रत ठेवायला लागले. लक्ष्मीपूजनाला पाटावर वही मांडायची आमच्या घरची रीत. आत्यांनी यंदा वही मागितली, मी पेनड्राइव्ह दिला. इथून भाळवणी सोडलं की केम. कुंकवाचं गाव ते, त्यामुळे आमच्या घरात कुंकू हात राखून वापरत नाहीत. आत्यांनी टोपण काढलं आणि पेनड्राइव्हला नीट, तोंडात, कुंकू भरलं. वर अक्षता.

मुलगा फोनवर बराच वेळ हसला आणि नवीन घे म्हणाला. आता दोन आहेत, लाल पूजेचा आणि काळा कामाचा. काळ्याचे पैसे मालकांनी दिले. कुठल्या खात्यात टाकू म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘देवधर्म.’