बापांची ‘माहेरची साडी’

मराठी बाईला रडण्यासाठी सिनेमाची ददात कधी पडली नाही. 1953 साली आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’ काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि तिकिटाबरोबर रुमाल घेऊन जायची पद्धत पडली. 1991 साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा तर आमच्या आळीतल्या सगळ्या बायका घोळक्याने गेल्या आणि सुजलेल्या डोळ्यांनी, अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने परत आल्या. त्यांना सोडायला गेलेले आमचे वडील तीन तास थिएटरबाहेरच्या टपरीवर उभे होते. आत येण्याचा आग्रह झाला तेव्हा ते म्हणाले, “मला नाही जमत असलं.” त्यांना सुपारी कातरण्यापलीकडे कुठलीही भावना दाखवता येत असे असा पुरावा घरात नव्हता.

बापांसाठी म्हणून कोणी असा सिनेमा काढलाच नव्हता. तो शेवटी 2016 साली दक्षिण कोरियात निघाला. नाव ‘ट्रेन टू बुसान’. त्यात झोंबी आहेत, आणि ते अत्यावश्यक आहेत. ‘बापलेकीच्या नात्याची हळुवार कहाणी’ असं कोणी म्हटलं असतं, तर पृथ्वीतलावरचा एकही बाप समोर बसला नसता. झोंबी म्हटल्यावर तो पाय पसरून, शेंगदाणे घेऊन बसतो. तिथेच तो सापडतो.

गोष्ट थोडक्यात अशी. सोक-वू हा सोलमधला फंड मॅनेजर. बायको वेगळी होऊन बुसानला राहते, मुलगी सू-आन ह्याच्याकडे. तिच्या वाढदिवसाला हा मोठ्या ऐटीत व्हिडिओ गेमचं यंत्र आणतो, आणि ती गप्प. कारण तेच यंत्र ह्यानेच बालदिनाला आधी दिलेलं असतं. इथे मी जरा सावरून बसलो. आपली मुलगी कोणत्या तुकडीत आहे, हे पालकसभेच्या दारात दुसऱ्याच्या बापाला विचारणाऱ्या माणसांपैकी मी नाही. मी बायकोला फोन करून विचारतो. तर सू-आनला वाढदिवसाची भेट म्हणून आईकडे जायचं असतं. बापलेक पहाटेची बुसानची गाडी पकडतात, आणि गाडी सुटता सुटता चावा बसलेली एक मुलगी धडपडत डब्यात चढते. पुढचे दोन तास गाडीत काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल.

आमच्याकडे हा सिनेमा लेकीच्या हट्टापायी लागला. मेहुणा मुक्कामाला होता, तोही बसला. आई माळ घेऊन मधेच आली.

“ही माणसं अशी का धावतायत?”

“आजी, ती आजारी आहेत.”

“आजारी माणसाने एवढं धावू नये,” म्हणून आई खुर्ची ओढून बसली. ह्या झोंब्यांना अंधारात दिसत नाही आणि डब्याचं दार उघडता येत नाही, हे कळल्यावर तर तिचा त्यांच्यावरचा विश्वासच उडाला. “दार सरकवायचं कळत नाही, नि म्हणे जग बुडवणार!” बायकोला वेगळीच काळजी. “त्या पोरीने सकाळपासून काही खाल्लंय का?” हा प्रश्न तिने इतक्यांदा विचारला की मुलीने शेवटी आवाज वाढवला.

पण सिनेमातली खरी चावरी जागा वेगळीच आहे. सू-आन एका म्हातारीला बसायला आपली जागा देते. आपल्या आजीचेही गुडघे दुखतात, हे तिचं कारण. बाप तिला बाजूला घेऊन समजावतो की अशा वेळी फक्त आपलं बघायचं. एसटीच्या खिडकीतून पोराला आत सोडून, त्याच्या हातून सीटवर रुमाल टाकवून घेतलेल्या समस्त बापांनी इथे पाय जवळ घेतले असतील. हा माणूस वाईट नाही. तो आपण सगळे रोज देतो तीच शिकवण देतोय, फक्त गाडीत झोंबी असल्यामुळे ती नीट ऐकू येते. पुढे हाच बाप जीव धोक्यात घालून मुलीला सोडवून आणतो, तर शेजारच्या डब्यातले सुरक्षित लोक दार आतून धरून ठेवतात. विरार लोकलने जाणाऱ्यांना हे दृश्य पाठ आहे. फलाटावर असताना “सरका हो आत” ओरडणारा माणूस आत शिरला की “मागून येतेय दुसरी” म्हणायला त्याला दोन सेकंद पुरतात. त्या डब्यातली एक म्हातारी ही माणसं बघते, काचेपलीकडे झोंबी झालेल्या आपल्या बहिणीकडे बघते, आणि शांतपणे दार उघडून देते. आई म्हणाली, “बरं केलंन.” माळ एका मण्याने पुढे सरकली.

कोरियात एक कोटीहून जास्त लोकांनी हा सिनेमा थिएटरात जाऊन पाहिला. देशाची वस्तीच पाच कोटींच्या आसपास. तेव्हा तिथे आठवड्याला 68 तासांपर्यंत काम करवून घेणं कायद्यात बसत होतं, 52 तासांची मर्यादा 2018 पासून लागू झाली. त्यामुळे मुलीच्या गाण्याच्या कार्यक्रमाला न पोचलेला सोक-वूसारखा बाप कोणाला खोटा वाटला नाही. सिनेमाच्या आधी दोनच वर्षं, एप्रिल 2014 मध्ये, सेवोल नावाची बोट बुडून 304 माणसं गेली होती, त्यात बहुतेक सहलीला निघालेली शाळकरी मुलं. ‘जागेवरच थांबा’ अशा सूचना त्यांना मिळत राहिल्या. सिनेमातलं सरकार टीव्हीवरून ‘सगळं आटोक्यात आहे’ म्हणतं तेव्हा तिथला प्रेक्षक काय आठवत असेल, ते सांगायला नको.

झोंबी आणि बाप ही जोडी इतकी जमते कशी, ह्याचं माझं साधं उत्तर असं: बापाला प्रेम बोलता येत नाही, पण काम सांगितलं तर करता येतं. उचल, पळ, दार धर, मागे हो. झोंबी आले की प्रेमाची सगळी कामंच होऊन जातात. ‘कार्गो’ नावाचा एक ऑस्ट्रेलियन लघुपट आहे, 2013 चा, फक्त सात मिनिटांचा. बापाला चावा बसलाय, तान्ही मुलगी पाठीवर आहे, थोड्या वेळाने तो स्वतःच झोंबी होणार. तो काय करतो? मांसाची पिशवी काठीला बांधून स्वतःच्या तोंडापुढे लटकवतो, म्हणजे शुद्ध गेल्यावरही पाय पुढेच चालत राहतील. असली व्यवस्था फक्त बापालाच सुचते. मुलगी शेवटी ज्यांच्या हाती लागते, त्यांना तिच्या पोटावर पेनाने लिहिलेलं तिचं नाव सापडतं. ह्याचाच पुढे मोठा सिनेमा झाला, पण सात मिनिटंवाला पुरतो. ‘मॅगी’ नावाच्या झोंबीपटात तर खुद्द श्वार्झनेगर आजारी मुलीच्या उशाशी हताश बसून राहतो.

आपल्याकडे आदित्य सरपोतदारांनी 2022 साली ‘झोंबिवली’ काढला. तो हसवणारा आहे. त्यात अमेय वाघची बायको गरोदर आहे, म्हणजे बाप अजून व्हायचाय.

बुसानचा शेवट सांगून टाकतो. ‘श्यामची आई’चा शेवटही सगळ्यांना पुस्तकातून ठाऊक होता, रडायचं कोणी थांबलं नाही. सोक-वूला इंजिनावर चावा बसतो. तो सू-आनला एका गरोदर बाईच्या हवाली करतो, इंजिनाचा ब्रेक कसा लावायचा ते दाखवतो (पुन्हा काम!), आणि मागच्या टोकाला जातो. डोळे पांढरे होत असताना त्याला नुकती जन्मलेली लेक पहिल्यांदा हातात घेतल्याचं आठवतं, आणि तो हसतो.

“गॅस बंद आहे का बघून येतो,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरात मेहुणा आधीच उभा होता, रिकामा पेला घेऊन.

“गाडी मस्त दाखवलीय,” तो खिडकीकडे बघत म्हणाला.

“हो ना. एवढ्या वेगात हादरा म्हणून नाही,” मी नाक ओढत म्हणालो.

बाहेरून सू-आनचं ‘आलोहा ओए’ ऐकू येत होतं. बापासाठी बसवलेलं आणि बाप न आल्यामुळे कार्यक्रमात अर्धवट सोडलेलं हेच गाणं. बोगद्यापलीकडे बंदुका रोखलेल्या सैनिकांना ह्याच गाण्यामुळे कळतं की येणारी माणसं जिवंत आहेत. आम्ही दोघांनी मिळून गॅसची सगळी बटणं तपासली.

बाहेर आलो तर बायको कोरड्या डोळ्यांनी शेंगदाण्याची टरफलं गोळा करत होती. “पोरगी वाचली ना? मग झालं,” ती म्हणाली. ‘माहेरची साडी’ टीव्हीवर लागला की हिच्यापुढे अजून टॉवेल ठेवावा लागतो.

बापमंडळींनी सिनेमा जरूर बघावा, शक्यतो स्वयंपाकघराजवळची खुर्ची धरून. 2020 साली ‘पेनिन्सुला’ नावाचा पुढचा भाग आला. त्यात गाड्यांच्या शर्यती आहेत, मुलींना जपणारी आई आहे, आजोबा आहेत. बापासाठी काही ठेवलेलं नाही. नाही बघितला तरी चालेल.