बझर वाजला की बाख थांबतो

ब्रिटनमध्ये सोमवारी रात्री बीबीसी टूवर आठ हुशार विद्यार्थी दोन बाकांवर बसलेले असतात. चार या संस्थेचे, चार त्या. बुर्किना फासोची राजधानी त्यांना ठाऊक असते, मूलद्रव्यांचे अणुक्रमांक पाठ असतात, आणि प्रश्न अर्ध्यावर असतानाच त्यातला एखादा हॅब्सबर्ग घराण्यातल्या नेमक्या फर्डिनांडला मानगूट धरून समोर उभा करतो. मग सूत्रसंचालक जाहीर करतात की आता संगीताची फेरी. शास्त्रीय रचना वाजेल, संगीतकार ओळखायचा. व्हायोलिनं सुरू होतात आणि आठही चेहरे तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर बसल्यासारखे होतात. अखेर कोणीतरी धीर करून बझर दाबतं आणि म्हणतं, ‘मोत्झार्ट?’ प्रश्नचिन्हासकट.

तो मोत्झार्ट नसतो.

कार्यक्रमाचं नाव ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’. अमेरिकेत १९५३ साली रेडिओवर सुरू झालेल्या ‘कॉलेज बोल’चा हा विलायती अवतार. १९६२ ते १९८७ अशी पंचवीस वर्षं बॅम्बर गॅस्कॉइन यांनी तो आयटीव्हीवर सांभाळला. १९९४ मध्ये बीबीसीने त्याचं पुनरुज्जीवन केलं आणि सूत्रं जेरेमी पॅक्समन यांच्याकडे दिली. मंत्र्यांच्या मुलाखती घेताना ज्या भुवया वर जायच्या, त्याच पुढे २०२३ पर्यंत ब्राम्स न ओळखणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोरांसाठी वर जात राहिल्या. त्यानंतर आले अमोल राजन. नावावरून डोंबिवलीचे वाटतात, पण जन्म कोलकात्याचा आणि वाढले लंडनमध्ये.

नियम सुटसुटीत आहेत. सलामीचा प्रश्न दहा गुणांचा, तो एकट्याने सोडवायचा, शेजाऱ्याशी कुजबुज चालत नाही. उत्तर बरोबर आलं की पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न बक्षीस, त्यांवर चौघांनी डोकी एकत्र करायची. प्रश्न पुरता ऐकून न घेता चुकीचं बोललात तर पाच गुण गेले. प्रश्न पूर्ण ऐकणं ही सभ्यता. ती मोडली तर दंड. मात्र संगीताच्या फेरीत पूर्ण ऐकणं हा मूर्खपणा ठरतो. बझर दाबला की वाजणारी रचना तिथल्या तिथे तोडतात. ज्याने सर्वांत कमी ऐकलं त्याला दहा गुण, आणि ज्याला त्या सुरावटीत रमावंसं वाटलं तो स्पर्धेतून बाद. ‘वन्समोअर’चा गजर करून संगीत नाटक पहाटेपर्यंत लांबवणाऱ्या मराठी प्रेक्षकांच्या नातवंडांना हे सांगितलं तर त्यांना आधी ते खोटंच वाटेल.

या व्यवस्थेत काही संगीतकारांचं भलं झालं, काहींचं वाटोळं. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नातल्या कडाक्याच्या थंडीत, चार तास चाललेल्या कार्यक्रमात पहिल्यांदा वाजली. आज तिचे तीन आखूड आणि एक लांब असे चार स्वर पुरतात. पाचवा ऐकायची कोणाची तयारी नसते. उलट वाग्नरच्या ‘दास राइनगोल्ड’ची सुरुवात पाहा. ई-फ्लॅट मेजर या एकाच स्वरसंगतीवर १३६ मापं, म्हणजे चार मिनिटांच्या आसपास, नदी नुसती वाढत राहते. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात ती पूर्ण वाजवायची तर भूगोल आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांना सुट्टी द्यावी लागेल. रावेलच्या १९२८ सालच्या ‘बोलेरो’त पंधरा मिनिटं तेच सूर चढत जातात आणि स्वरपीठ बदलतं ते अगदी शेवटी. इतकी वाट पाहण्याचा मोबदला देणारी ही रचना प्रश्नमंजूषेत फक्त सुरुवातीच्या ढोलावर ओळखतात. बेथोव्हेनच्याच १८२४ च्या नवव्या सिंफनीत तर गायकमंडळी पहिले तीन भाग मुकाट बसून चौथ्या भागात तोंड उघडतात. बेथोव्हेनला या कार्यक्रमाची कल्पना असती तर त्याने समूहगान आधी घेतलं असतं.

जॉन केजची गोष्ट याहून बिकट. त्याची एक ऑर्गनरचना जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावच्या चर्चमध्ये २००१ पासून वाजते आहे आणि ती २६४० साली संपायची आहे. आरंभच विरामाने असल्यामुळे पहिला सूर उमटायला फेब्रुवारी २००३ उजाडला. तिच्यावर सलामीचा प्रश्न काढायचा तर बझरवर बोट ठेवलेल्या खेळाडूची पदवी, पेन्शन आणि वर्षश्राद्ध या तिन्हींची सोय आधी करावी लागेल.

अर्थात, स्पर्धक काही हातपाय गाळून बसत नाहीत. संगीत ठाऊक नसताना संगीतकार ओळखण्याचं एक चोख शास्त्र त्यांनी तयार केलेलं आहे. ऑर्गन ऐकू आला की बाख. एकटा पियानो आणि जरा उदास वाटलं की शोपाँ. उदास असून धुकट वाटलं की देब्युसी. व्हायोलिनं गुबगुबीत आणि डोळ्यांसमोर इंग्लंडची हिरवळ आली की व्हॉन विल्यम्स, हिरवळीवरून पलटण गेली की एल्गार. तेच ते पुन्हा पुन्हा वाजलं की फिलिप ग्लास. कोणीतरी चिडलेलं असून बहुधा रशियन असावं असं वाटलं की शोस्टाकोविच. तो नसला तर प्रोकोफिएव्ह, आणि तोही नसला तर कर्णधाराने खांदे उडवायचे. शतक जुळलं तर सूत्रसंचालक जरा मायेने ‘नाही’ म्हणतात. गुण तेवढेच, म्हणजे शून्य.

मँचेस्टर विद्यापीठाच्या १९७५ सालच्या संघाने तर एकच उत्तरपत्रिका सगळ्या विषयांना चालवून पाहिली होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या प्रत्येक कॉलेजला वेगळा संघ उतरवता येतो, बाकी विद्यापीठांना मात्र एकच, या अन्यायाचा निषेध म्हणून ते मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की, चे गव्हेरा अशी नावं उत्तरादाखल देत राहिले. चित्रीकरणाचा विचका झाला. हा निषेध त्यांनी फक्त शास्त्रीय संगीतापुरता ठेवला असता तर कोणाला कळलंही नसतं. ‘ट्रॉट्स्की’ ऐकून घरोघरचे प्रेक्षक म्हणाले असते, जवळ आला होता पोरगा, रशियनच होता.

प्रेक्षकांचाही या फेरीत मोठा वाटा असतो. शर्करेच्या रेणूवर अडखळलेल्या विद्यार्थ्याला कोणी असंस्कृत म्हणत नाही, पण शूबर्ट हुकला की सोफ्यावरून पिढीचा निकाल लागतो. वास्तविक कार्यक्रमाची शीर्षकधून त्याच सोफ्यावर बसून वर्षानुवर्षं ऐकलेली असते. तिचं नाव ‘कॉलेज बॉय’, संगीतकार डेरेक न्यू, आणि पुढे ती बालानेस्कू क्वार्टेट या चार तंतुवाद्यांच्या चमूने वाजवली. म्हणजे चेंबर म्युझिकचा एक नमुना दर भागात, सर्वांसमोर, फुकट वाजतो. त्यावर मात्र प्रश्न येत नाही.

आणि ज्यांना संगीत खरोखर ठाऊक असतं त्यांचं काय होतं, तेही २०२४ च्या जानेवारीत दिसलं. प्रश्न शास्त्रीय नव्हता. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये रेव्ह पार्ट्या आणि रेगेच्या साउंड सिस्टिम यांतून जन्मलेल्या नृत्यसंगीताचा प्रकार ओळखायचा होता. संघाने ‘ड्रम अँड बेस’ म्हटलं. अमोल राजन यांनी खेदपूर्वक ते नाकारलं, कारण कार्डावर ‘जंगल’ होतं. दोन्ही प्रकार एकाच घरातले, आणि शौकीन त्यांच्या सीमारेषेवर आजही हमरीतुमरीवर येतात. राजन यांचं ते वाक्य लोकांनी उचललं, त्याखाली ठेका घातला आणि नाचले. परीक्षकाचाच नमुना वाजू लागण्याची वेळ क्वचितच येते.

हसायला महाराष्ट्रालाही हरकत नाही, कारण इथे ही अडचण मुळातच काढून टाकली आहे. आपल्याकडे संगीतावरचा प्रश्न आवाज न करता विचारतात. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकात ‘जोड्या लावा’ असतात: बिस्मिल्ला खाँ शहनाई, शिवकुमार शर्मा संतूर, हरिप्रसाद चौरसिया बासरी. भारतरत्न मिळालेली पहिली गायिका सुब्बुलक्ष्मी, वर्ष १९९८. भीमसेन जोशी, घराणं किराणा, भारतरत्न जाहीर २००८. हे पाठ केलेला उमेदवार भीमसेनांची एकही तान न ऐकता पैकीच्या पैकी गुण घेऊन अधिकारी होऊ शकतो, आणि यथावकाश एखाद्या संगीत महोत्सवात दीपप्रज्वलनही करू शकतो. विलायतेत निदान आठ सेकंद ऐकवतात.

उद्या एखाद्या मराठी वाहिनीला हौस आली आणि तिने ऐकवून प्रश्न विचारायचे ठरवले, तर बझरचा उत्साह फार टिकणार नाही. सा रे ग प ध कानी पडले की चुणचुणीत विद्यार्थी ‘भूप’ म्हणून मोकळा होईल. पण देशकारातही हेच पाच स्वर आहेत. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत, आणि जोर कशावर आहे हे गायक थोडा फिरल्याशिवाय कळत नाही. मारवा, पुरिया आणि सोहनी यांचे स्वरही तेच. पुरिया खाली मंद्रात घुटमळतो, सोहनी वरच्या षड्जाकडे झेपावते, मारवा षड्जाला टाळत राहतो. एवढं सगळं उलगडेपर्यंत थांबायचं म्हणजे स्पर्धकाला नाइलाजाने गाणं ऐकावं लागणार.

वाहिनीवाल्यांना ते परवडणारं नाही. विलंबित एकतालाचं एक आवर्तन सहज मिनिटभराचं असतं, त्यामुळे समेआधीच मसाल्याची जाहिरात लागेल. ब्रेकनंतर गायक बढतीला लागलेला असेल, विशारद झालेला एक स्पर्धक ‘पुरिया असावा, पण अंतरा ऐकू’ अशी विनंती करेल, त्यावर दोन परीक्षकांचा आपसात वाद होईल, आणि निर्णय लागायच्या आत साडेआठची मालिका सुरू व्हायची वेळ होईल. त्या वेळी रिमोट आजीच्या हातात असतो.